दोन्ही खांदे

४ ऑगस्ट

क्रियापद विभागाचे प्रमुख,
शब्दकोश कार्यालय यांस

महोदय,

तुमच्या कोशाचं पान ४१२ उघडा. डाव्या रकान्यात खालून तिसरी नोंद. "चीत करणे : (कुस्तीत) प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवून त्यास हरवणे." हे ज्याने लिहिलं त्याने जन्मात एकही कुस्ती पाहिलेली नाही. बावीस वर्षं पंच म्हणून गादीभोवती रांगून माझे गुडघे गेलेत, म्हणून एवढ्या खात्रीने सांगते.

झालं असं. गेल्या महिन्यात मुलींच्या अंतिम कुस्तीला मी पंच होते. निळ्या पोशाखातल्या मुलीने लालवालीला उचलून आपटलं. लालवाली पाठीवर पडली, पण उजवा खांदा टेकला आणि डावा चांगला चार बोटं वर राहिला. मी गादीला गाल लावून पाहत होते. शिट्टी वाजवली नाही. लालवाली त्या टेकलेल्या खांद्यावरच गर्रकन फिरली, सुटली आणि पुढे गुणांवर जिंकली. निळीच्या प्रशिक्षकाने तक्रार ठोकली.

आता गंमत बघा. आमच्या नियमपुस्तकात "चीत केल्यास कुस्ती संपली" एवढंच लिहिलंय. ते पुस्तक लिहिणाऱ्या कारकुनाला कंटाळा आला असणार. शेवटी त्याने एक ओळ चिकटवून दिली, "शब्दांचे अर्थ मोठ्या कोशाप्रमाणे घ्यावेत." आणि मोठ्या कोशात तुम्ही हे दिवे लावून ठेवलेत! पाठ टेकली होतीच, पेपरात फोटो आलाय. म्हणजे कोशाप्रमाणे ती पोरगी हरली आणि मी आंधळी.

१४ सप्टेंबरला सुनावणी आहे. निकाल फिरला तर तिचं पदक जाईल आणि पंचांच्या यादीतून माझं नाव. नोंद चुकलेली आहे असं लेखी पाठवा.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

कुस्ती पंच

ता. क. महोदय वगैरे पुरे झालं. पंडित, त्या विभागाचा प्रमुख तू आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे. मामेबहिणीला ओळख दाखवली नाहीस तरी चालेल, पण उत्तर दे.


९ ऑगस्ट

ती. तोफताईस,

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आधी नमस्कार करावा की आधी टेबलाखाली लपावं, कळेना. नमस्कार करतो.

तुझी अडचण समजली आणि वाईटही वाटलं. पण ताई, बहीण चिडली म्हणून कोशातली नोंद बदलत नाहीत. आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक अर्थामागे किमान तीन चिठ्ठ्या लागतात. चिठ्ठीवर कुणाच्या तरी तोंडचं किंवा छापलेलं खरं वाक्य, ते कोण बोललं, कुणासमोर, कधी, आणि खाली चिठ्ठी लिहिणाऱ्याची सही. टेबलाशी बसून घरी बनवलेलं वाक्य चालत नाही. मी इथे एकतीस वर्षं आहे आणि या एका गोष्टीवरून तिघांना विभागातून काढलंय. "चीत करणे"च्या तिन्ही चिठ्ठ्या पेटीत शाबूत आहेत. नोंद त्यांच्यावर उभी आहे.

आपल्या भाषेत हरवण्यासाठी किती शब्द आहेत माहीत आहे? लोळवणं, नमवणं, धूळ चारणं, अस्मान दाखवणं, पाणी पाजणं, नाक खाली करायला लावणं. मी सदतीसपर्यंत मोजले. हरण्यासाठी मात्र मोजून सहा-सात. माणूस जिंकला की त्याच्या जिभेला धार येते आणि हरला की तो विषय बदलतो. म्हणूनच आम्ही कुणाच्या रागालोभावर जात नाही, चिठ्ठीवर जातो.

तू माझ्या मुलीच्या लग्नातून जेवणाआधीच उठून गेलीस. तेव्हापासून पत्र नाही, फोन नाही. काय बिनसलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. ही आजही म्हणते, बहुतेक पंखा नव्हता म्हणून.

तुझा,
पंडित


१३ ऑगस्ट

चि. पंडितास,

पंखा? अरे, पंख्याखालीच बसले होते मी!

भर हॉलमध्ये माइक हातात घेऊन कोण बोललं होतं? "ही आमची तोफताई. मोठमोठ्या पहिलवानांना शिट्टीवर नाचवते. पण हिला मी दहा वर्षांचा असताना चीत केलंय!" तुझे व्याही टाळ्या पिटत होते. माझ्या शेजारी आमच्या कुस्ती मंडळाचे सचिव बसले होते, त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की घास घशाखाली उतरला नसता. म्हणून जेवायच्या आधीच उठले.

आणि ती गोष्ट तू काही पहिल्यांदा सांगत नव्हतास. शाळेत सांगितलीस, आत्याच्या आजारपणात दवाखान्यात सांगितलीस, माझ्या नवऱ्याला आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलीस. शेहेचाळीस वर्षं एकच कॅसेट.

आता कान देऊन ऐक, कारण हे तुझ्या धंद्याचं आहे. पाडणं वेगळं आणि चीत करणं वेगळं. रोज शंभर पोरी पडतात आमच्या हॉलमध्ये. पडणं हे आमच्याकडे शिकवावं लागतं, पहिला महिनाभर दुसरं काही शिकवतच नाही. पडल्यावर दोन्ही खांदे एका वेळी गादीला लागले आणि पंचाला दिसतील इतका वेळ लागून राहिले, तर चीत. नाहीतर कुस्ती चालू. पाठीचं काय घेऊन बसलास, पाठ तर झोपतानाही टेकते.

त्या तीन चिठ्ठ्यांच्या नकला पाठव. मला बघू दे तुझी नोंद कशावर उभी आहे ते.

अनेक आशीर्वाद. रागाने दिले असले तरी आशीर्वादच आहेत.

तोफ


१९ ऑगस्ट

ती. ताईस,

नियमाप्रमाणे कुणीही नकला मागू शकतं. पाठवतोय.

चिठ्ठी पहिली. एका जुन्या गोष्टींच्या पुस्तकातून : "त्याने राक्षसास गरगरा फिरवून चीत केले." राक्षसाचा नेमका कोणता भाग टेकला याचा उल्लेख नाही, हे मान्य.

चिठ्ठी दुसरी. वर्तमानपत्रातून : "नवख्या उमेदवाराने अध्यक्षांना निवडणुकीत चीत केले." इथे पाठ, खांदे दोन्ही गैरहजर. तेही मान्य.

चिठ्ठी तिसरी. बोलण्यातून : "पाठ टेकली! चीत! जिंकला, जिंकला!" बोलणारे, एक वृद्ध गृहस्थ. ऐकणारे, घरची मंडळी. स्थळ, घरामागचं अंगण.

म्हणजे व्याख्येतला "पाठ" हा शब्द तिसऱ्या चिठ्ठीतून आला. पण ती चिठ्ठी नियमाला धरून आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे आणि ऐकणाऱ्याने ते नोंदवलेलं आहे. आमच्याकडे याहून भक्कम पुरावा नसतो.

लग्नातल्या त्या बोलण्याबद्दल एवढंच म्हणतो की मी कौतुकाने बोललो होतो. लोक हसले याला माझा इलाज नव्हता.

नव्या आवृत्तीची पानं या महिनाअखेर छपाईला जायची आहेत, त्यामुळे इथे मान वर करायला फुरसत नाही. सुनावणीसाठी मनापासून शुभेच्छा.

तुझा,
पंडित


२३ ऑगस्ट

पंडित,

एक वृद्ध गृहस्थ!

लाज नाही वाटली? तुझ्या आईचे वडील, माझ्या वडिलांचे वडील, ज्यांच्या मांडीवर बसून तू मुळाक्षरं गिरवलीस, ते तुझ्या पेटीत जाऊन "एक वृद्ध गृहस्थ" झाले! आणि "पंडित जिंकला" असं ओरडले होते आजोबा. "जिंकला, जिंकला" नाही. स्वतःचं नाव तेवढं गाळलंस. तुझ्या त्या नियमात नावं गाळायची परवानगी आहे का रे?

तर आता त्या दिवशी काय झालं ते मी सांगते. शेहेचाळीस वर्षं कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही.

आजोबांनी मला त्यांचा चष्मा पुसायला दिला होता. मी दोरीवरच्या ओल्या पंच्याच्या टोकाने काचा पुसत होते. तू मागून आलास आणि माझा पाय ओढलास. मी पडले. चष्मा डाव्या मुठीत होता आणि तो हात पडताना पाठीखाली गेला. काच फुटेल या भीतीने मी डावा खांदा उचलून धरला. तू छातीवर बसलास, मी हलले नाही. तुझ्या जोराने नाही रे बाळा, चष्म्यासाठी हलले नाही.

आणि पंच कोण? आजोबा. चष्म्याशिवाय त्यांना ताटातला भात आणि पोळी वेगळी दिसायची नाही. ते पायरीवरून ओरडले, "पाठ टेकली! चीत!" सगळे धावत आले, तुला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. मी उठले, चष्मा आजोबांच्या हातात दिला. एकही चरा नव्हता. संध्याकाळी त्याच चष्म्याने त्यांनी पेपर वाचला. आता सांग, दोन्ही खांदे टेकले असते तर चष्मा वाचला असता का?

तुझा भक्कम पुरावा हा असा आहे. न दिसणाऱ्या पंचाचं वाक्य. त्यावर अख्ख्या भाषेची व्याख्या उभी केलीस आणि कोशात स्वतःला जिंकवून घेतलंस.

लोक मला विचारतात, बाई माणूस पंच कशी झाली? मी काहीतरी थातूरमातूर सांगते. खरं कारण ते अंगण आहे. मी खाली पडले होते आणि खाली वाकून बघायला कुणीच आलं नाही. मला फार लागलं होतं ते. हाताला नाही, मनाला. म्हणून आज माझ्या गादीवर कुणीही पडलं की मी आधी पोटावर पडते आणि बघते. लालवालीच्या खांद्याखाली मला उजेड दिसला होता, पंडित. तो उजेड मी पुसून टाकू का, तुझ्या पान ४१२ साठी?

तोफ


५ सप्टेंबर

पंडित,

तेरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही.

लालवाली रोज सकाळी सरावाला येते आणि पदक पिशवीत घालून आणते, मागितलं तर लगेच परत देता यावं म्हणून. मी तिला म्हटलं, घरी ठेव गं ते, कुठे जात नाही. असं म्हटलं खरं.

तू लिही अगर नको लिहू, मी सुनावणीला ताठ मानेने जाणार आहे. जे पाहिलं ते सांगणार. मला भीती नाही. तुझा मात्र फार राग आलाय आणि तो तुला कळावा म्हणून हे चार ओळींचं पत्र.

तोफ


११ सप्टेंबर

ती. ताईस,

हे पत्र आणि सोबतचा लिफाफा माणसाच्या हाती पाठवतोय, पोस्टावर भरवसा ठेवण्याइतके दिवस राहिले नाहीत. लिफाफा तू उघडू नकोस. समितीच्या अध्यक्षांच्या नावे आहे, त्यांच्याच हातात दे.

इतके दिवस गप्प बसलो, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी चिडून होतो. तिसऱ्या दिवशी पेटी काढली आणि ती तिसरी चिठ्ठी हातात घेतली. ताई, ती माझ्या नोकरीतली पहिली चिठ्ठी आहे. पंचविशीचा होतो. साहेब म्हणाले, एखादा शब्द घे आणि ऐकलेलं वाक्य लिहून दाखव. सगळे शब्द सोडून मी हाच घेतला. मला आयुष्यात दुसरं कुणी जिंकला म्हणालंच नव्हतं.

मग मी एक गोष्ट केली, जी एकतीस वर्षांपूर्वी करायला हवी होती. रजा टाकली आणि इथल्या कुस्तीच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. चार दिवस. पहिल्या दिवशी मला कुणीतरी विम्याचा एजंट समजून हाकललं. दुसऱ्या दिवसापासून चहा मिळू लागला. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी नुसता ऐकत होतो. एका पोराला दुसऱ्याने धाडकन आपटलं, मी मनात म्हटलं, चीत! कुणी मानही वर केली नाही. मी शेजारच्या म्हाताऱ्या पहिलवानाला विचारलं तर तो म्हणाला, "पडलाय हो नुसता. चीत कुठे झालाय?" लिहून घेतलं. गाद्या पुसणाऱ्या बाई आहेत एक, त्या बादली ठेवून म्हणाल्या, "साहेब, एक खांदा वर आहे तोवर मी फडकं घेऊन आत जात नाही." तेही लिहून घेतलं. चार दिवसांत एकोणीस चिठ्ठ्या झाल्या. एकीतही पाठ नाही. सगळ्यांत खांदे.

एवढ्यावर नोंद बदलता आली असती. पण आमच्या नियमाप्रमाणे जुनी चिठ्ठी रद्द करायची तर ती लिहिणाऱ्यानेच उलट चिठ्ठी लिहावी लागते, कारणासह, सहीसह. तिथे माझं घोडं पेंड खात होतं.

कारण मी पाहिलं होतं, ताई.

मी तुझ्या छातीवर बसलो होतो. तुझा डावा खांदा माझ्या गुडघ्यापाशी होता आणि त्याच्याखाली जागा होती. माझी करंगळी त्यात गेली असती. चष्म्याचं मला आजवर माहीत नव्हतं, पण खांदा वर आहे हे दिसलं होतं. तेवढ्यात आजोबा ओरडले. आई स्वयंपाकघरातून हात न पुसता धावत आली, मामाने मला उचललं. घरात सगळे मला किडका म्हणायचे, चालताना अडखळायचो म्हणून हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. मी तोंड उघडलं नाही. मग तेच खरं वाटायला लागावं म्हणून जन्मभर सगळ्यांना सांगत सुटलो. तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं, देवा!

छपाईची पानं जाऊ दिली नाहीत. ४१२ थांबवून धरलंय. मुख्य संपादक विचारत होते, एवढं काय आहे त्या पानावर? म्हटलं, घरचं आहे.

मला माफ कर. हे कौतुकाने नाही, शरमेने लिहितोय.

तुझा,
पंडित


१५ सप्टेंबर

चि. पंडितास,

काल सुनावणी झाली. सगळं सांगते, नीट बसून वाच.

लांबच लांब टेबल, पलीकडे पाच जण, मध्ये पाण्याचे जग. निळीच्या प्रशिक्षकाने कोश आणला होता, पानात खूणचिठ्ठी घालून. त्याने नोंद अशी वाचली की जणू दगडावर कोरलेली आहे. मग फोटो फिरवला. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, कोश तर स्पष्ट आहे. तुम्हाला काही म्हणायचंय?" मी म्हटलं, "म्हणायचंय, पण आधी हा लिफाफा."

त्यांनी फोडला. आत नव्या आवृत्तीचं पान ४१२, शिक्क्यासह. त्यांनी मोठ्याने वाचलं. "चीत करणे : (कुस्तीत) प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकवून, ते टेकलेले पंचास दिसतील इतका वेळ दाबून धरून हरवणे. नुसते पाडणे म्हणजे चीत करणे नव्हे." प्रशिक्षक उसळला, हे आत्ता बदललंय, कुणाच्या सांगण्यावरून बदललंय! तेव्हा अध्यक्षांनी मागे जोडलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. एकोणीस. त्या गाद्या पुसणाऱ्या बाईंचं वाक्य वाचून त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "आमच्या हॉलमधल्या बाईही हेच म्हणतील."

मग विसावी चिठ्ठी निघाली. ती त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज खाली आणला.

"तिचा एक खांदा वर होता. मी तिला चीत केलं नव्हतं. बोलणारा, तिचा आतेभाऊ, क्रियापद विभागप्रमुख. ऐकणारे, ज्यांना ज्यांना त्याने आजवर उलट सांगितलं ते सगळे. कारण, जुनी चिठ्ठी खोटी होती आणि लिहिणाऱ्याला ते माहीत होतं."

खाली तुझी सही. आमचे सचिवही बसले होते तिथे, तुझ्या मुलीच्या लग्नातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंडित. यावेळी मी मान खाली घातली नाही.

निकाल कायम. पदक लालवालीचं. माझं नाव यादीत, आणि वर पुढच्या महिन्यात नव्या पंचांना शिकवायचं काम गळ्यात मारलंय. नियमपुस्तकातली ती आळशी ओळही काढणार आहेत. लालवाली बाहेर बाकावर बसली होती. मी दारातूनच दोन्ही हात वर केले, तर तिने मला असं उचललं की माझे सगळे मणके बोलले. पदक आता घरी भिंतीवर लावणार म्हणाली.

तुझी चिठ्ठी मी घरी येऊन तीनदा वाचली आणि रडले. तू शरमेने लिहिलंस म्हणतोस, पण मला त्यात शरम दिसली नाही. स्वतःचं एकुलतं एक जिंकणं स्वतःच्या हाताने रद्द करायला छाती लागते. तू किडका नाहीस. कधीच नव्हतास. अडखळायचास, कारण चालताना वाचायचास.

पण आता एक मुद्दा राहतो आणि तो मी पंच म्हणून मांडते. माझा एक खांदा वर होता, म्हणजे मी चीत झाले नाही. मी चीत झाले नाही, म्हणजे कुस्ती संपली नाही. शिट्टी वाजवली होती ती चष्मा नसलेल्या पंचाने. तेव्हा नियमाने बघितलं तर आपली कुस्ती शेहेचाळीस वर्षं चालूच आहे.

रविवारी आमचा हॉल रिकामा असतो. किल्ली माझ्याकडे आहे. लालवाली पंच व्हायला तयार आहे, तिची नजर चांगली आहे. बायकोलाही आण. मी अठ्ठावन्नची, तू छप्पन्नचा, गुडघे दोघांचेही गेलेले, तेव्हा कुणावर अन्याय होणार नाही.

अनेक आशीर्वाद. यावेळी न रागावता.

तोफ


२० सप्टेंबर

ती. तोफताईस,

रविवारच्या सकाळच्या गाडीने येतोय. ही पण येतेय, तिला पंख्याबद्दल तुझी माफी मागायची आहे.

कुणाशी गाठ आहे ते मला माहीत आहे. तरीही एक अट आहे. कुस्ती सुरू व्हायच्या आधी तुझ्या दोन्ही मुठी उघडून दाखव. यावेळी त्या रिकाम्या हव्यात.

कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोबत आणतोय. जे होईल ते तिथेच लिहून खाली सही करीन.

तुझा,
पंडित